मोठ्या मापाची स्टेपनी गाडीच्या आत: जिम्नी (५ दारी), २३५/७५ आर१५

चिखलवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. ५ दारी जिम्नी आहे. कंपनीचे १९५/८० आर१५ काढून चारही चाकांना २३५/७५ आर१५ मड-टेरेन घातले आहेत, रिम १५×७ लोखंडी. मागे स्टीलचा ऑफ-रोड बंपर आहे. पाचवं चाक मागच्या दारावर कंपनीच्याच ब्रॅकेटवर बसतं, पण दार उघडताना टायरची खालची कड बंपरच्या वरच्या पाइपला घासते आणि दारही जड झालंय.

म्हणून लांबच्या फेऱ्यांपुरती स्टेपनी आत घ्यायची आहे. जाणारे आम्ही दोघंच, त्यामुळे मागच्या दोन्ही सीटा पाडल्या तरी चालतील. चाक आडवं झोपवावं की उभं करावं? आणि बांधायचं कशाला? डिक्कीच्या भिंतीत हुकासाठी छोटी भोकं आहेत, ती पुरतील का?

लोहारआळी

ती भोकं आधी डोक्यातून काढा. पिशवी अडकवायला ठीक आहेत, पण तिथला नट पातळ पत्र्याला धरलेला असतो. चाकासाठी नाहीत.

पुढचं सांगण्याआधी तीन मापं द्या. एक, रिमसकट चाकाचं वजन. भंगारवाल्याच्या किंवा धान्याच्या काट्यावर टाकून घ्या, अंदाज नको. दोन, ३२ पीएसआय हवा भरून टायरची जाडी, म्हणजे एका बाजूच्या फुगवट्यापासून दुसऱ्या बाजूपर्यंत. तीन, रिमचा ऑफसेट, म्हणजे हबला टेकणारं पृष्ठ रिमच्या मधल्या रेषेपासून किती सरकलेलं आहे. रिमवर कोरलेला नसेल तर चाक तोंड वर करून पाडा, मग उलटं करून पाडा. दोन्ही वेळा टायरवर सरळ पट्टी ठेवून पट्टीच्या खालच्या कडेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठापर्यंतची खोली मोजा. स्टँडची उंची यावरूनच निघते. इथे १० मिमी चुकलं की एकतर चाक खडखडतं, नाहीतर नट आटे पकडत नाही.

सह्यधार

आत घेण्याआधी दाराचा विचार पूर्ण करून घ्या. १९५/८० आर१५ चा व्यास ६९३ मिमी आणि २३५/७५ आर१५ चा ७३३.५. त्रिज्येत वाढ जेमतेम २० मिमी. म्हणजे कड घासते ती मुख्यतः बंपर उंच असल्यामुळे. ब्रॅकेटवर मधे जाड पट्टी घालून चाक ३० मिमी वर सरकवलं तर घासणं थांबेल.

पण दार जड झालंय ही तक्रार त्याने सुटत नाही. चाक बाहेरच्या दिशेने सरकवणारा स्पेसर तर मुळीच नको. चाक बिजागरीच्या रेषेपासून जितकं लांब जाईल तितका दाराच्या पत्र्यावर पीळ वाढतो, आणि खडकाळ वाटेवर हा पीळ मिनिटाला शेकडो वेळा पडतो. तीन दारी जिम्नीसाठी (जेबी७४) जपान आणि ऑस्ट्रेलियात बिजागरी मजबूत करायची किट मिळतात. दुसरा खात्रीचा उपाय म्हणजे चॅसिसला धरलेल्या बंपरवरच स्वतंत्र झुलता कॅरिअर. त्यात दारावर वजनच येत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. कायमची सोय हवी असेल तर झुलता कॅरिअर. आतलं बांधणं फेरीपुरतं, किंवा वाळवंटात आणि लडाख-स्पितीसारख्या ठिकाणी दुसरी स्टेपनी न्यायची असेल तेव्हा.

आणखी एक गोष्ट नंतर वाचणाऱ्यांसाठी. २३५/७५ आर१५ ला रिमची मान्य रुंदी ६ ते ८ इंच. जिम्नीची मूळ रिम ५.५ इंची. धागाकर्त्याने ७ इंची घेतली ते बरोबर केलं. मूळ रिमवरच राहायचं असेल तर २१५/७५ आर१५ घ्या, व्यास ७०३.५, आणि मग या धाग्यातली बहुतेक कटकट लागत नाही.

चिखलवाट

मोजून आलो. वजन २८.४ किलो. जाडी २३८ मिमी. रिमवर ईटी (म्हणजे ऑफसेट) −१५ कोरलंय. तोंड वर ठेवून, म्हणजे आतली बाजू जमिनीला, हबचं पृष्ठ जमिनीपासून १०४ मिमीवर येतं. उलटं केलं की १३४.

झुलत्या कॅरिअरचा विचार आहेच, पण पुढच्या फेरीआधी तो होणार नाही.

लोहारआळी

मापं एकमेकांशी जुळतात. २३८ चं अर्धं ११९, त्यातून १५ गेले १०४, मिळवले तर १३४. आता पुढे जाता येईल.

चाक आडवं झोपवा, तोंड वर. तोंड वर ठेवल्याने व्हॉल्व्ह वर येतो आणि फेरी सुरू असताना हवा तपासता येते. वजनही खाली राहतं.

दोन्ही सीटा पाडल्यावर पाठी आडव्या होतात आणि डिक्कीच्या तळापेक्षा उंचावर राहतात. पाठीवर भार टाकायचा नाही, त्या भार घेण्यासाठी नाहीत. पाठींच्या वरून जाणारी चार पायांची चौकट करा. मागचे दोन पाय डिक्कीच्या तळावर, पुढचे दोन मागच्या सीटच्या पायठेवणीत, पुढच्या सीटच्या मागे. चौकोनी पाइप ४०×४०×२.५ मिमी. मीटरला सुमारे २.९ किलो भरतो. लांबी ८०० च्या आसपास, रुंदी ५००, उंची तुमच्या गाडीत पाडलेल्या पाठींवर २० मिमी मोकळं राहील एवढी. पुढच्या आणि मागच्या पायांमध्ये दोन्ही बाजूंना एकेक तिरका पाइप हवाच. नुसते चार सरळ पाय ब्रेक मारल्यावर टेबलासारखे पुढे कलतात आणि वेल्ड कोपऱ्यात फाटतो.

मध्यावर दोन आडवे पाइप २०० मिमी अंतराने. त्यावर चाकाचा स्टँड:

तळपट्टी २५० × २५० × ५ मिमी, चार एम१० बोल्टनी चौकटीला. त्यावर ८९ मिमी बाहेरच्या व्यासाचा गोल पाइप, आणि पाइपच्या डोक्यावर १७० मिमी व्यासाची ८ मिमी जाड चकती. चकतीत तीन भोकं, जिम्नीच्या ५×१३९.७ पीसीडीवर, म्हणजे चाकाच्या पाच भोकांची केंद्रं ज्या १३९.७ मिमी व्यासाच्या वर्तुळावर येतात त्यावर. भोकं आखताना रिमच उलटी ठेवून खुणा करा, मग मोजून पाहा: शेजारच्या दोन भोकांच्या केंद्रांत ८२.१ मिमी, एक सोडून दुसऱ्यापर्यंत १३२.९. पाचातली १, ३ आणि ४ नंबरची घ्या. दोन लागोपाठची आणि एक समोरची, बैठक तिपाईसारखी होते.

या तीन भोकांत एम१२×१.२५ चे बोल्ट खालून वर घाला. सुझुकीच्या चाकाचे आटे हेच असल्याने गाडीचेच नट चालतात आणि गाडीच्याच पान्याने खोलता येतं. अंधारात, पावसात वेगळा पाना शोधावा लागत नाही. बोल्ट चकतीवर एका पातळ नटने आवळून धरा, डोक्याला वेल्ड मारू नका. ८.८ किंवा १०.९ ग्रेडचा बोल्ट तापवला की त्याची ताकद जिथे लागते नेमकी तिथेच जाते.

उंचीबद्दल. हबचं पृष्ठ १०४ वर आहे, तर स्टँड ९६ करा. नट आवळले की टायर ८ मिमी दाबला जातो आणि तो दाबच खडखड थांबवतो. रिम आणि चकतीच्या मधे रबर घालू नका. रबर दबत जातं आणि नट ढिले होतात.

घाटमाथा

चांगलं आहे, पण यात दोन माणसांचीच गाडी उरते. चौघांना जायचं असेल तर चाक मागच्या सीटच्या पाठीला लावून, गाडीच्या रुंदीच्या दिशेने उभं ठेवलं तर? २३८ मिमी जाडी आणि वर २०-३० मिमी एवढीच खोली लागेल. तेवढी डिक्कीत मिळते का ते प्रत्येकाने सीट आपल्या नेहमीच्या जागी ठेवून मोजावं. पाठ पक्की लॉक होते, म्हणजे पुढून आधारही आहे.

आकडेमोड

घाटमाथा, "पाठीचा आधार" हा शब्द इथे नको. सीटची पाठ सामानाविरुद्ध तपासतात ती युरोपीय आर१७ नियमात १८ किलोचे दोन ठोकळे मागे ठेवून, ५० किमीच्या वेगाच्या धडकेत. म्हणजे ३६ किलो, दोन्ही पाठींवर वाटलेले, ३० सेंमीचे चौरस ठोकळे. तुमचं चाक एकटं २८ किलोचं, लोखंडी रिमचं, मधोमध, म्हणजे जिथे दोन पाठींचा सांधा आहे तिथे. त्यात बॅगा आल्या की परीक्षेचा भार ओलांडलाच. आणि त्या पाठीला माणूस टेकलेला आहे.

हिशेब करून पाहू. ५० किमी म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. गाडी ६५ सेंमी चुरगळून थांबली असं धरलं तर सरासरी मंदन १५ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १५ पट येतं. शिखर त्याहून वर जातं, म्हणून २० जी धरून बांधणी करावी. २८ किलो × २० = ५६० किलोचा ओढा, म्हणजे ५.५ किलोन्यूटन.

आता हा ओढा बोल्टवर कसा येतो ते पाहा. चाक उभं असेल तर त्याचा मध्य तळापासून सुमारे ३७ सेंमीवर. ५.५ × ०.३७ = २ किलोन्यूटन-मीटर उलथवणारा जोर. स्टँडचा पाया २० सेंमीचा असेल तर मागच्या दोन बोल्टांवर मिळून १० किलोन्यूटन वर खेचणारा ताण, प्रत्येकी ५, म्हणजे ५०० किलो. लोहारआळींच्या चौकटीत चाकाचा मध्य जरा वर, ४२ सेंमी धरला तरी पाया ८० सेंमी लांब आहे. ५.५ × ०.४२ ÷ ०.८ = २.९, प्रत्येक पायावर दीड किलोन्यूटनहूनही कमी. फरक तिपटीहून जास्त, आणि तो फक्त पाया लांब केल्याने.

८.८ ग्रेडचा एम१० बोल्ट ३३ किलोन्यूटनपर्यंत कायमचा न ताणता सोसतो. तो तुटत नाही. फाटतो तो पत्रा. गाडीच्या तळाचा पत्रा मिलिमीटरभर जाड, त्यातून वॉशरसकट बोल्ट उपसून येतो.

लोहारआळी

याच कारणासाठी प्रत्येक पायाखाली, गाडीच्या बाहेरून, १०० × १०० × ३ मिमीची आधारपट्टी आणि आतून ५ मिमीची पायपट्टी. मधे पत्रा. प्रत्येक पायाला दोन एम१० बोल्ट, ८.८ ग्रेड, नायलॉक नट. रॅलीच्या गाड्यांत सीट बसवायचा एफआयएचा (मोटर स्पर्धांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा) नियमसुद्धा किमान ४० चौरस सेंमी आणि ३ मिमी स्टीलची आधारपट्टी मागतो, आपण १०० चौरस सेंमी देतोय. पट्टीचे कोपरे ग्राइंडरने गोल करा. धारदार कोपरा पत्रा कापायला सुरुवात करतो.

पत्रा तिथे नागमोडी असेल तर पट्टी ठोकून त्याच आकाराची करा. अधांतरी राहिलेली पट्टी म्हणजे नुसता मोठा वॉशर.

चौघांची गरज असेल आणि चाक उभंच ठेवायचं असेल तर स्टँडवर भरवसा न ठेवता रिमच्या भोकांतून दोन पट्टे मागच्या दाराच्या उंबऱ्याजवळच्या दोन आधारपट्ट्यांना ओढून बांधा. पट्टे मागे-खाली ४५ अंशांत असतील तर प्रत्येकावर सुमारे ३.९ किलोन्यूटन येतो. पाठ मग निव्वळ पाठ राहते.

कोकणवारा

भोक पाडण्याआधी गाडीखाली झोपा. पेट्रोलची टाकी, इंधनाची आणि ब्रेकची नळी, सायलेन्सर, वायरिंगची वेणी. वरून आखून खाली काय आहे ते पाहायचं असेल तर आधी ३ मिमीचं खूणभोक, ड्रिलच्या टोकाला लाकडी ठोकळ्याची रोखण लावून, म्हणजे बिट १० मिमीहून आत घुसणार नाही. टाकीच्या वर पाय येत असेल तर चौकटीचं माप बदला. टाकीवर "थोडंसंच" भोक असं काही नसतं.

भोक पाडल्यावर कड कानशीने साफ, झिंक प्रायमर, वाळू द्या, मग बोल्टभोवती पॉलियुरेथेन सीलंट. आधारपट्टीच्या पाठीलाही रंग. बाहेरून अंडरबॉडी कोटिंग. किनारपट्टीवर हे टाळलं तर दोन पावसाळ्यांत पत्रा आणि पट्टीच्या मधे गंज फुगतो. बाहेरून दिसत नाही, बोल्ट मात्र ढिला होतो. नुसतं रेड ऑक्साइड मारून गाडी परत देणारे बरेच आहेत, समोर उभं राहून करून घ्या.

काम संपल्यावर तळाला पाणी मारून आतला गालिचा उचलून पाहा.

सह्यधार

काही गोष्टी सुटल्या आहेत.

जिम्नीत सहा एअरबॅग आहेत. त्यातल्या पडद्यासारख्या दोन छताच्या कडेतून खाली उघडतात. खांबांना किंवा छताच्या कडेला पट्टा, हुक, जाळी काहीही बांधायचं नाही.

सीटा पाडून ठेवा, पण काढू नका. नोंदणी चार आसनांची आहे. सीट कायमची काढली की आरसीवरचा तपशील आणि गाडी जुळत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नेमकं याबद्दल आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कडकपणे लागू केलं. चौकट बोल्टने निघणारी ठेवा. याच कलमाच्या उजेडात मोठ्या टायरचाही विचार करावा, आणि विमा कंपनीला लेखी कळवावं.

सीटच्या स्वतःच्या बोल्टांना चौकट जोडायचा मोह होईल, कारण भोक पाडावं लागत नाही. पण मधे ५ मिमीची पट्टी आली की तेवढे आटे कमी बसतात. एम१० ला किमान १०-१२ मिमी आटे आत गेले पाहिजेत. उद्या त्या सीटवर माणूस बसणार आहे, म्हणून मी त्या बोल्टांना हात लावत नाही.

वजनाचा हिशेबही करा. जिम्नीचं स्वतःचं वजन ऑटोमॅटिकमध्ये १२१० किलो, कमाल एकूण १५४५. हातात ३३५ किलो. स्टीलचा बंपर, विंच, रॉक-स्लायडर हे सगळं यातूनच जातं. ही चौकट पट्ट्यांसकट २३-२४ किलो भरेल. चौघं बसले की फारसं काही उरत नाही.

रानवाट_४४

एवढं सगळं वेल्डिंग नको असेल तर चाक झोपवून नुसते पट्टे बांधले तर नाही का चालणार? आणि रबरी हुकाच्या दोऱ्या?

आकडेमोड

रबरी दोरी नाही. ती ताणली जाते हाच तिचा गुण, आणि ताणलेली दोरी तुटली की हूक डोळ्याच्या उंचीवरून सुटतो.

रॅचेटचे पट्टे चालतात, अटी पाळून. पट्ट्यावर शिवलेलं लेबल असलं पाहिजे आणि त्यावर एलसी, म्हणजे पट्टा किती ओढा सोसतो तो आकडा, डेकान्यूटनमध्ये. १ डेकान्यूटन म्हणजे ढोबळमानाने १ किलोचा ओढा. ५० मिमी रुंद पट्ट्याचा एलसी साधारण २५०० असतो. २५ मिमीच्या पट्ट्यांत फार फरक पडतो, लेबल नसलेला घेऊच नका. पट्टा तळाशी ४५ अंशांत असेल तर पुढच्या दिशेला त्याची ७० टक्केच ताकद उपयोगी येते. दोन पट्टे मागच्या दिशेला, दोन पुढच्या, इंग्रजी एक्ससारखे. गाडी कलंडली तर चाक छताकडे जातं हेही विसरू नका, म्हणून एक पट्टा चाकावरून आडवा.

लोखंडी रिमच्या भोकांची कड पट्टा कापते. तिथे पट्ट्यावर जाड होजपाइपचा तुकडा किंवा जुन्या ट्यूबची नळी चढवा. पॉलिस्टर उन्हाने कुजतं. रंग उडाला, कडेचे धागे सुटले की पट्टा बाद.

पण पट्टे कशाला बांधणार हा प्रश्न उरतोच. हूक अडकवायला आयबोल्ट आणि त्याखाली आधारपट्टी लागतेच, म्हणजे भोकं पाडायचं काम वाचत नाही. सीटबेल्टच्या खालच्या बोल्टाच्या जागी आयबोल्ट लावणारे आहेत. तिथले आटे बहुतेक गाड्यांत ७/१६ इंच, २० यूएनएफ असतात. मेट्रिक एम११ किंवा एम१२ जबरदस्तीने बसवला की आटे खराब, आणि मग बेल्टही गेला. ज्या सीटवर कुणी बसणार नाही तिथेच, योग्य आट्यांचा बोल्ट, आणि परतल्यावर मूळ बोल्ट टॉर्क-पान्याने परत.

घाटमाथा

आणखी एक. हवा काढून चाक लहान करून बसवलं तर जागा वाचेल का? सोबत कॉम्प्रेसर असतोच.

लोहारआळी

व्यास कमी होत नाही. रेडियल टायरमध्ये स्टीलचा पट्टा घेर धरून ठेवतो. जाडीत थोडा फरक पडतो, तो बांधायच्या पट्ट्याने दाबल्यावर. पण दाबून ठेवलेल्या रिकाम्या टायरची कड रिमवरून सुटू शकते, आणि एकदा ती सुटली की छोट्या १२ व्होल्टच्या कॉम्प्रेसरने ट्यूबलेस परत बसत नाही. हवा जितकी जाते तितकीच फटीतून बाहेर येते. रानात हे नको.

स्टेपनीत उलट ३५ पीएसआय ठेवा. काढायला मिनिट लागतं, भरायला दहा.

पठारी

मला वाटतं तुम्ही सगळे अवघड वाटेने चालला आहात. कंपनीची जुनी १९५/८० स्टेपनी दारावर तशीच राहू द्या, हलकी आहे, बंपरलाही लागत नाही. पंक्चर झालं की ती लावून पहिल्या पंक्चरवाल्यापर्यंत जायचं.

आकडेमोड

डांबरी रस्त्यावर, टू-एचमध्ये (फक्त मागची चाकं इंजिनाला जोडलेली असताना), पुढच्या एका चाकाला, हळू, जवळच्या गावापर्यंत: चालेल. व्यास ६९३ आणि ७३३.५, म्हणजे दर किलोमीटरला सुमारे २५ फेऱ्यांचा फरक. टू-एचमध्ये पुढचा डिफरेन्शियल ओढ घेत नाही, म्हणून मागे पंक्चर झालं तरी पुढचं मोठं चाक मागे आणा आणि छोटं पुढे लावा. एबीएस आणि ईएसपीचा दिवा लागू शकतो, तो लागला की त्या यंत्रणांवर विसंबायचं नाही.

पण जिम्नीत मधला डिफरेन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा, नाही. फोर-एच किंवा फोर-एलमध्ये (चारही चाकं जोडलेली असताना) पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकमेकांना जखडलेले असतात. पुढच्या एका चाकाचा व्यास वेगळा असला की पुढचा आणि मागचा वेग कायमच जुळत नाही. वाळूत, चिखलात चाक घसरून ताण निघून जातो. कोरड्या खडकावर तो ट्रान्स्फर केसमध्ये (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीत) साठतो, लिव्हर अडकतो, शेवटी काहीतरी तुटतं. रानात पंक्चर होतं तेव्हा बहुतेक वेळा फोर-व्हीलच लागलेलं असतं. त्यामुळे पठारींचा उपाय शहर आणि हायवेसाठी बरोबर, धागाकर्त्याच्या कामासाठी अपुरा.

पठारी

पटलं. मग जुन्या स्टेपनीऐवजी पंक्चर किट नीट ठेवणं जास्त उपयोगी. मशरूमसारख्या वाती, कानस, पक्कड, व्हॉल्व्हचे सुटे कोअर. कडेची भिंत फाटली तरच चाक लागेल.

कोकणवारा

मड-टेरेनची भिंत फाटते ती बहुतेक कमी हवेवर धारदार खडकात, आणि तिथे वात कामाची नाही. म्हणून पूर्ण मापाचं चाक हवंच.

जॅकचंही पाहा. मोठा टायर आणि लिफ्ट असेल तर कंपनीच्या जॅकची उंची पुरत नाही. बॉटल जॅक आणि खाली ठेवायला ३०० मिमी चौरस जाड फळी. जॅक, फळी, पाना हे सगळं आत झोपवलेल्या चाकाखाली अडकवून ठेवू नका. चाक काढायला पाना लागतो, आणि पाना चाकाखाली.

चिखलवाट

सगळ्यांचे आभार. वेल्डिंगवाल्याला द्यायचं ठरवलं आहे ते लिहितो, चूक असेल तर सांगा.

चौकट ८०० × ५००, ४०×४०×२.५ पाइप, चार पाय, दोन तिरके. मधले दोन आडवे पाइप २०० अंतराने. चौकटीवर १२ मिमी मरीन प्लाय, चाक त्यावर झोपेल, मधे स्टँडच्या तळपट्टीपुरतं चौकोनी भोक. स्टँड ९६ मिमी: तळपट्टी ५, पाइप ८३, चकती ८. पायाला १०० × १०० पट्ट्या, एकूण आठ एम१० बोल्ट. चाक आत चढवायला दाराच्या उंबऱ्यावर टेकणारी एक फळी, २८ किलो कमरेतून उचलायचे नाहीत म्हणून.

लोहारआळी

एक चूक आहे. स्टँडची तळपट्टी थेट पाइपवर बसते, पण टायर प्लायवर टेकतो आणि प्लाय १२ मिमी वर आहे. ९६ चा स्टँड केला तर नट आवळताना टायर २० मिमी दाबावा लागेल, बोल्टचे आटे पोचणारही नाहीत. उंची अशी काढा: १०४ + १२ − ८ = १०८. म्हणजे पाइप ८३ नाही, ९५ मिमी. तळपट्टी ५ आणि चकती ८ तेवढ्याच.

पाइप लेथवर कापून घ्या, दोन्ही टोकं काटकोनात. कटर-चाकाने कापलेला पाइप एकीकडे दोन मिमी कमी भरतो आणि चकती तिरकी बसते, मग तिन्ही नट सारखे आवळले जात नाहीत. वेल्ड करण्याआधी चकती तिन्ही बोल्टांनी रिमला बांधा, स्टँड जागेवर उभा करा, चार ठिकाणी टाके मारा, चाक काढा आणि मगच पूर्ण वेल्ड.

पहिले ५० किमी झाले की आठही बोल्ट आणि तिन्ही नट पुन्हा आवळा. पत्र्यावरचा रंग दबतो, सीलंट बसतं, थोडं ढिलं होतंच. त्यानंतर खराब रस्त्याच्या प्रत्येक दिवसाअखेर हात लावून पाहा. नटावर आणि चकतीवर मिळून रंगाची एक रेघ ओढून ठेवा, रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय.

चिखलवाट

बरं झालं विचारलं. पाइप ९५ लिहून घेतलं. प्लाय १२ ऐवजी ९ मिळाला तर पाइप ९२, बरोबर?

लोहारआळी

बरोबर. प्लाय हातात आल्यावर कॅलिपरने मोजा आणि मगच पाइप कापा. १२ म्हणून विकलेला प्लाय बऱ्याचदा ११ च भरतो.